धर्मकाटा

नळेगाव रस्त्याला, उदगीरच्या बाहेर,
माझा काटा साठ टनांचा.
खाली खड्डा, खड्ड्यात आठ सेल, वर लोखंडी पाट,
आणि खिडकीत लाल आकडे.
माघात तुरीच्या गाड्या रात्रभर येतात.
एक गेली, दुसरी यायची आहे, अशा मधल्या वेळेला
मी खुर्ची बाहेर ओढतो
आणि मान मागं टाकतो.

डोक्यावर पुनर्वसू असतो.
आमच्याकडं त्याच्या पावसाला तरणा म्हणतात,
त्याच्या मागच्याला, पुष्याच्या, म्हातारा.
उज्मा म्हणाली, काका, उलटं आहे हे.
जोडीतला तो पिवळट बघा, तोच म्हातारा झालाय.
म्हातारपणी फुगलाय,
आपल्यासारखे सूर्य त्याच्या पोटात शेकड्यांनी मावतील.
आणि त्याला एक ग्रह आहे.

चहावाल्या खाजामियाँची ही पोरगी, बीएस्सीला.
दिवसा माझ्या पावत्या फाडते.
पावतीच्या पाठीवरच तिनं काढून दाखवलं :
तारा रांजणाएवढा धरला
तर ग्रह म्हणजे हरभऱ्याचा दाणा,
तोही पंचवीस पावलं लांब.
एका फेऱ्याला त्याला आपली दीड वर्षं पुरत नाहीत.

दिसला का पण कुणाला?
नाही म्हणाली.
मग?
रांजण डुलतो, काका. जरासाच.
त्यावरून कळलं.

आयुष्यभर वजनं केली मी,
दाणा रांजणाला ओढतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि म्हणे आज दिसतो तो उजेड
चौतीस वर्षांमागं निघालाय तिकडून.
त्या साली मी मोंढ्यात दांडीच्या काट्याला मापं लावायचो,
पितळेची, बुडाला शिसं भरलेली,
आणि मिशी नुकतीच फुटली होती.
म्हणजे तरणा पाऊस खोटा नाही,
पोचायला उशीर झाला एवढंच.

परवा बिदरकडची गाडी आली, चौदा चाकी.
ड्रायव्हर उतरला, अंगानं हा एवढा,
उतरला तसा पाट हलला.
वर कोण आहे का?
कोई नै साब.
एक्केचाळीस हजार दोनशे साठ.
पन्नास.
पुन्हा साठ.
वारा नव्हता. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती.
एक्केचाळीस टनांत दहा किलो म्हणजे
चाकाला चिकटलेलं ढेकूळ,
पण ढेकूळ कूस बदलत नाही.

पायरीवर चढून मी बॅटरी मारली.
सीटच्या मागं, चादरीत,
गुडघे हनुवटीला लावून एक पोरगं.
नाव?
बसप्पा.
उठ बाबा, तुझी तूर झाली असती.

तो उतरला, डोळे चोळत, अनवाणी.
आकडा चाळीसनं खाली आला
आणि थिजला.
ड्रायव्हरनं टोपी काढली, पुन्हा घातली.
भूल गया साब, म्हणाला.
विसरला होता की नाही, ते माझा काटा सांगत नाही.
मी खरं वजन लिहिलं. सही घेतली.

तोवर बसप्पा सळई घेऊन टायर बघायला निघाला होता,
एकेक चाक ठोकत गाडीभोवती,
ठण, ठण, एक जरा बद्द,
तिथं थांबून पुन्हा ठोकलं.
ड्रायव्हर माझ्याशी डिझेलचं बोलत होता,
बिदरच्या नाक्याचं बोलत होता,
आणि पोरगं ज्या बाजूला जाईल
त्या बाजूला त्याचा खांदा
जरासा झुकत होता.
मागच्या चाकांआड गेलं
तेव्हा बोलता बोलता मधेच गप्प झाला.
पुढून निघालं, तसा पुन्हा डिझेलवर आला.

गाडी गेली. तांबडे दिवे नळेगावच्या चढाला विझले.
रिकाम्या पाटावर आकडा शून्याला यायला हवा.
दहा दाखवत होता.
माती असेल, चार दाणे सांडले असतील.
शून्याचं बटण अंगठ्याखालीच होतं.

म्हटलं, सकाळी उज्मा आली की बघू.